दर सेकंदाला 54 किलो!

महाड-पोलादपूरला समुद्र नाही. सावित्री आहे, डोंगर आहेत आणि आठवडे बाजारात गोणपाटावर मांडलेली सुकट, जवळा, बोंबील आहेत. पण रत्नागिरीची मासळी न्हावा-शेव्याकडे निघाली की कशेडी ओलांडून इथूनच जाते. तेव्हा इथल्याच हायवेच्या कडेला बसून एक हिशेब मांडू. हाताची बोटं पुरायची नाहीत, आधीच सांगतो!

2024-25 या एका वर्षात भारतानं परदेशी पाठवलेली मासळी: 16,98,170 टन. डोक्यावरून गेलं? फोडू या. दिवसाला 4,650 टन. तासाला 194 टन. मिनिटाला सव्वातीन टन. सेकंदाला 54 किलो! तुम्ही ‘कोळंबी’ म्हणेपर्यंत एका धडधाकट माणसाच्या वजनाची मासळी देशाबाहेर.

आता वीर स्टेशनात मालगाडी उभी करू. 58 वाघिणी, साधारण 4,000 टन माल. रोजची मासळी तिच्यात मावतच नाही! वर्षाला अशा सव्वाचारशे गाड्या लागतील.

रेल्वे नको, बर्फगार कंटेनर घेऊ. एकात 25 टन धरले तरी 68,000 कंटेनर. प्रत्येक 40 फुटी. लावा एकामागे एक. रांग मुंबईहून पुण्याला पोचली, मुंबईला परतली, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई, तिसऱ्यांदा पुणे गाठलं तरी शेपूट शिल्लकच! ती उलटी फिरून बोरघाट उतरते आणि खोपोलीच्या आसपास कुठे संपते.

विहिरी मोजायच्या? 20 फूट रुंद, 30 फूट खोल विहीर घ्या. रोजच्या मासळीनं अशा 17 विहिरी काठोकाठ भरतील. वर्षाला सहा हजारांवर. वैशाखात टँकरची वाट बघणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांनी हा आकडा ऐकावा!

आणि पैसा? 62,408 कोटी रुपये. दिवसाला 171 कोटी, सेकंदाला जवळपास 20,000. 1961-62 साली अख्ख्या वर्षाची मासळी निर्यात चार कोटींच्या आतली होती. आता तेवढं अर्ध्या तासाच्या जरा पुढेमागे जमतं. पाचशेच्या नोटा टोकाला टोक लावून पसरल्या तर पृथ्वीला साडेचार वेढे बसून वर उरतील.

यातली एकटी गोठवलेली कोळंबी 7,41,529 टन, 43,334 कोटींची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. किलोला 50 नग धरले तर 3,700 कोटी कोळंब्या! जगातल्या माणसांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला चार, आणि तरी टोपलीत उरतातच.

पण जग राहू द्या. ही सगळी मासळी फक्त महाड आणि पोलादपूर तालुक्यांना दिली तर? 2011 च्या जनगणनेत दोन्ही तालुके मिळून माणसं सव्वादोन लाख. माणशी साडेसात टन! रोज प्रत्येकी किलोभर वाटा, तान्ही बाळं आणि माळकरी धरून, एकादशी-चतुर्थी न पाळता. एका वर्षाची निर्यात वीस वर्षांहून जास्त पुरते. आज बारशाला पाळण्यात घातलेलं पोर मतदार होईल, तरी अडीच वर्षांची मासळी शिल्लक!