फेस : मुक्काम जुन्या गावात, फेरफटका नव्यात

मुहम्मद तुघलकाच्या पदरी नोकरी करून, अर्धं जग पालथं घालून इब्न बतूता अखेर मोरोक्कोतल्या फेस शहरी परतला. तिथल्या मरिनी सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्याने आपला प्रवास इब्न जुझय्य या पंडिताला सांगितला आणि १३५५च्या अखेरीस तो ग्रंथ पुरा झाला. त्यात दौलताबाद आहे, नंदुरबारही आहे. नंदुरबारचे प्रतिष्ठित मराठे भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांची हत्या त्यांना रुचत नाही, असं त्याने सांगून ठेवलं आहे. आपल्या ताटाची इतकी जुनी नोंद ज्या शहरात कागदावर उतरली, तिथे आज शाकाहारी मराठी माणसाची थोडी पंचाईतच होते. पण जेवणाआधी मुक्कामाचं पाहू.

फेसमध्ये कुठे उतरायचं, हा प्रश्न मुळात १९१२ सालचा आहे. ३० मार्चला फेसमध्येच झालेल्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात गेला. पहिला रेसिडेंट-जनरल ल्योते आणि त्याचा नगररचनाकार आंरी प्रोस्त यांनी धोरण आखलं : जुन्या शहराला, म्हणजे मदिनाला, हात लावायचा नाही, युरोपीयांसाठी शेजारी वेगळं शहर वसवायचं. त्यामुळे मदिना वाचलं, हे श्रेय द्यायलाच हवं. पण कचेऱ्या, रुंद रस्ते, पैसा सगळं नव्या शहराकडे वळलं. १९५६च्या स्वातंत्र्यानंतर मदिनातली सधन घराणीही तिकडे किंवा कासाब्लांकाला गेली, आणि त्यांच्या वाड्यांत खेड्यांतून आलेली बिऱ्हाडं एकेका खोलीत राहू लागली. १९८१मध्ये युनेस्कोने मदिनाला जागतिक वारसा ठरवलं. आज पाहुणे ज्या ‘रियाद’मध्ये उतरतात, ती अशाच एखाद्या वाड्याची दुरुस्त केलेली आवृत्ती असते. बाहेरून कोरी भिंत आणि बुटकं दार; आत चौक, झिलीज फरशी, कोरलेलं गच्चकाम, देवदाराचं छत.

राहायचं तर मदिनातच. मात्र गल्ल्यांत वाहन शिरत नाही. सामान हातगाडीवरून येतं आणि मागून ‘बालाक!’ अशी आरोळी आली की खेचराला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटावं लागतं. म्हणून गुडघे कुरकुरत असतील तर बाथा किंवा रसीफ चौकाजवळचं घर निवडावं, टॅक्सी तिथपर्यंत येते. बाब बू जलूद ही निळी वेसही बाथाहून जवळच. पर्यटक तिच्यापुढे ‘मध्ययुगीन’ म्हणून फोटो काढतात. ती बांधली १९१३ साली, फ्रेंचांच्या अमलात.

आता जेवण. फेसचा मानबिंदू म्हणजे बस्तीला. चिकट पिठाचा गोळा तापलेल्या उपड्या परातीवर टपटप टेकवत जायचा. दर वेळी एक ओलसर ठिपका चिकटून राहतो, ठिपके जुळून कागदाहून पातळ पापुद्रा होतो, तो अलगद सोलून घ्यायचा. हा ‘वर्का’. असे थर, त्यांत कांदा, केशर, आलं घालून शिजवलेलं कबुतराचं मांस, त्याच रश्श्यात आटवलेली अंडी, तळून कुटलेले बदाम, आणि वरून पिठीसाखर-दालचिनी. मांसाला साखर म्हटल्यावर आपल्या कपाळाला आठी पडते. दुसऱ्या घासाला ती जाते. हल्ली कबुतराऐवजी बहुधा कोंबडीच असते, मागवण्याआधी विचारावं.

शाकाहाऱ्यांनी बिसारा शोधावा : सुक्या बाकल्याच्या डाळीचं, पिठल्याइतकं घट्ट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. सकाळी बाजारातल्या टपरीवर कष्टकरी उभ्या उभ्या ते खातात आणि ते स्वस्त असतं. हरीरा सूप आणि ‘भाज्यांचा’ कुसकुस यांच्यावर मात्र विश्वास ठेवू नये, दोन्हींत मांसाचा रस्सा असण्याची शक्यता मोठी. मांस चालत असेल तर कुसकुस शुक्रवारी खावा. त्या दुपारी तो घरोघरी शिजतो आणि बाजाराचा बराच भाग बंद असतो.

भाकरीसाठी हॉटेलकडे नव्हे, फर्रानकडे जावं. हा मोहल्ल्याचा सामाईक भट्टीखाना. पोरं घरून फळीवर, कापडाखाली गोल गोळे आणून ठेवतात, आणि कुठली भाकरी कुणाची हे भट्टीवाल्याला नुसत्या नजरेने कळतं. मशीद, मदरसा, पाणपोई, हमाम आणि फर्रान या पाच गोष्टी असल्या की जुन्या फेसमध्ये मोहल्ला पुरा झाला. हमामात बायकांच्या आणि पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात. काळा साबण आणि खरखरीत हातमोजा बाहेरच्या दुकानात मिळतो.

८५९मध्ये फातिमा अल-फिहरीने स्थापन केलेली म्हणून प्रसिद्ध असलेली करावियीन मशीद मुसलमानेतरांना दारातूनच पाहावी लागते. ही बंदीही ल्योतेच्या काळातली मानतात. तिची भरपाई अबू इनानने बांधवलेला बू इनानिया मदरसा करतो. तिथे तिकीट काढून कुणालाही जाता येतं. शुआरा इथल्या चामडं कमावायच्या कुंडांची पाहणी करायला तिकीट लागत नाही, पण सज्जे दुकानदारांचे असतात. हातात पुदिन्याची काडी मिळते आणि खरेदीची अपेक्षाही. कुंडांतल्या चुन्याच्या नि कबुतराच्या विष्ठेच्या दर्पाला ती काडी पुरत नाही.

रात्री मदिना लवकर निजतं. पर्यटक तेव्हा रियादच्या गच्चीवर बसतात. फेसकर मात्र नव्या शहरात हसन दुसरा मार्गावर, ताडांच्या रांगांमध्ये, मुलाबाळांसह फिरत असतात. लाल रंगाची ‘पेती टॅक्सी’ करून तिकडे जावंच. मीटर लावायला सांगावं. पुदिन्याचा चहा, आइस्क्रीम, फुटबॉलवरची वादावादी, कॅफेत पुरुषांचीच गर्दी : हे फेस पर्यटकांच्या पुस्तिकांत सापडत नाही, कारण त्या अजूनही १९१२ची सीमारेषा पाळतात. १९९४पासून भरणारा पवित्र संगीताचा महोत्सव साधता आला तर उत्तमच, पण त्या दिवसांत खोल्या महागतात.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे दिवस बरे. जानेवारीत जाणार असाल, तर खोलीत हीटर आहे का, हे आगाऊ विचारून घ्या. चौकाची ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत.