पाण्याचा हिशेब आधी, निधी नंतर

बाजारपेठेत पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत निवेदनांचा ढीग पडतो. मागणी एकच : मोठं गटार बांधा, शासनाकडून निधी आणा. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात अभियंता म्हणून माझी उमेदीची वर्षं असे प्रस्ताव तयार करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, नुसत्या निवेदनावर निधी मिळत नाही. पाण्याचा चोख हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर! मोकळं मैदान असेल तर त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं. तिथे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की जवळजवळ सगळं गटाराकडे धावतं. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातलं निम्मंच पाणी वाहून येईल, असं धरून बांधलेली होती. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ५० मिलिमीटर पाऊस आणि सगळंच पाणी धरायला सांगितलं. म्हणजे क्षमता चौपट हवी.

अहवाल आला, पण पैशांअभावी काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शेकडो माणसं गेली, आणि २००७ मध्ये केंद्राने सुमारे बाराशे कोटी रुपये मंजूर केले. इतकी माणसं गमावल्यावर पैसा यावा, याचं मला आजही वाईट वाटतं. पण अभ्यास हाताशी होता, म्हणून नेमकं काय मागायचं हे तरी ठरलेलं होतं. आणि पैसा आला म्हणजे काम झालं असंही नाही. माहुल आणि मोगरा इथली उदंचन (पंपिंग) केंद्रं जागेच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षं अडून राहिली.

लहान गावांना पैसा कुठून मिळतो? राज्याचं नगरोत्थान महाअभियान आहे. त्यातला जिल्हास्तरीय निधी जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. वित्त आयोगाचं अनुदान असतं. पंधराव्या आयोगाच्या काळात दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांसाठी त्यातला ६० टक्के हिस्सा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील होता. गटारासाठी हात घालायचा तो उरलेल्या ४० टक्क्यांत, आणि त्यावर रस्त्यापासून दिव्यांपर्यंत सगळ्यांचाच डोळा. २०१५ च्या 'अमृत' योजनेत पर्जन्य जलवाहिन्या हा स्वतंत्र घटक होता. २०२१ च्या 'अमृत २.०' मध्ये भर पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि जलाशयांवर गेला. याच पंधराव्या आयोगाने शहरी पुरासाठी खास रकमा सुचवल्या : मुंबईसह तीन महानगरांना प्रत्येकी ५०० कोटी, पुण्यासह चार शहरांना प्रत्येकी २५० कोटी. तालुक्याच्या गावाचं नाव अशा यादीत नसतं. म्हणून त्याची कागदपत्रं अधिक पक्की हवीत.

कागदपत्रं म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. पाणलोट किती, उतार कुठे, नाल्याचा तळ कोणत्या पातळीवर, पाणी शेवटी जातं कुठे, जागा कोणाची, हे सगळं त्यात लागतं. मग चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि शेवटी निविदा. यातला एक कागद कमी पडला की प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो. तोवर मार्च उलटतो, दरसूची बदलते आणि अंदाजपत्रक पुन्हा करावं लागतं. नगरपालिकेचा स्वहिस्सा कुठून भरणार, हेही आधीच ठरवावं लागतं.

या कामात नागरिकांची मदत किती मोलाची असते, ते मी पाहिलं आहे. आमच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराने दुकानातल्या भिंतीवर दर पुराची रेघ मारून ठेवली होती. शेजारी तारीख, आणि पाणी चढलं कधी, उतरलं कधी याची वेळ. सगळ्यांत वरची रेघ विजेच्या मीटरच्या जरा खाली होती. त्या रेघांवरून आम्ही पातळ्या घेतल्या. पाऊस थांबल्यावरही पाणी तासन्‌तास उतरत नव्हतं, म्हणजे ते पुढे कुठेतरी तुंबत होतं. नाल्याच्या कडेने खाली चालत गेलो, तर रस्त्याखालच्या मोरीत पिण्याच्या पाण्याची जुनी जलवाहिनी आडवी गेलेली दिसली. तिला प्लास्टिक आणि गाळ अडकून निम्मी मोरी बंद. ती जलवाहिनी वर उचलून घेण्याचा खर्च नगरपालिकेलाच झेपण्यासारखा होता. शासनाकडे मग फक्त पुढच्या अरुंद नाल्याचा प्रस्ताव गेला, सोबत त्या रेघांचे फोटो जोडून. मागणी लहान झाली, नेमकी झाली आणि मंजूरही झाली.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बहुतेक योजना बांधायला पैसे देतात. दरवर्षी गाळ काढायला नाही. ती तरतूद गावाच्या घरपट्टीतूनच होते. पन्नास लाखांचं गटार बांधून नालेसफाईला हात आखडता घेतला, तर दोन पावसाळ्यांत त्याची क्षमता निम्म्यावर येते. म्हणून नवीन काम मंजूर होतानाच त्याच्या देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष अंदाजपत्रकात उघडून घ्यायला हवं.

तेव्हा यंदा पाणी भरेल तेव्हा फोटो काढा, वेळ लिहा, भिंतीवर रेघ मारा. पावसाळा संपला की त्या नोंदी घेऊन नगरपालिकेत जा आणि आपल्या नाल्याचं सर्वेक्षण झालं आहे का, ते विचारा. फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकाच्या सभेआधी तुमच्या नगरसेवकाला दोन गोष्टींची आठवण करून द्या : प्रकल्प अहवालासाठी तरतूद आणि नालेसफाईसाठी तरतूद. मोठा निधी मुंबईहून किंवा दिल्लीहून येईल. पण तो मागण्याची तयारी गावालाच करावी लागते, आणि ती कोरड्या दिवसांत करावी लागते.