परदेशाची पेटी

आपल्या गावातून कोणी प्रथमच परदेशी जावयास निघाला, की घरात पेटी भरण्याची एकच धांदल उडते. खानापूर तालुक्यातील एका घरी गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी मी गेलो होतो. घरचा थोरला मुलगा, वय २३, शिक्षण नववीपर्यंत, कुवेतला गवंडीकामास जावयाचा होता. ओसरीवर बॅग उघडी आणि भोवती सारे कुटुंब बसलेले. धान्याच्या काट्यावर बॅग चढविली, तो वजन भरले ३८ किलो. तिकिटावर परवानगी ३० किलोंची.

“फादर, आता तुम्हीच सांगा, काय काढू?” त्याच्या आईने विचारले.

आम्ही एकेक वस्तू हाती घेतली. डुकराच्या मांसाचे लोणचे व सर्दीवर म्हणून दिलेली फेणीची बाटली प्रथम बाहेर निघाली. कुवेतमध्ये दोहोंसही मनाई आहे. विमान दुबईत बदलावयाचे होते आणि तेथे खसखस निषिद्ध, म्हणून तिची पुडीही काढली. सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानात चालत नाही. आजीने दिलेले खोकल्याचे औषध कोडीनयुक्त होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून असे औषध बाळगणे म्हणजे संकटास आमंत्रणच. मोबाईलची पॉवर बँक मोठ्या बॅगेतून काढून हातातील पिशवीत ठेवली. उलट, आईने “वाळवंटात कसली थंडी!” म्हणून बाजूला टाकलेला स्वेटर मी परत आत घातला. कुवेतचा उन्हाळा जितका कडक, तितकीच हिवाळ्यातील रात्र बोचरी असते.

वजन उतरले. मग मी सहज विचारले, “बाळा, कागद कोठे आहेत?”

त्याने कपाटातून एक पिशवी आणली. व्हिसा पाहिला, तो भेटीचा, नोकरीचा नव्हे! करारपत्र नाही. दलालाने ८० हजार रुपये घेतले होते, त्याची पावती नाही. “तिकडे गेल्यावर व्हिसा पालटून देतो,” एवढाच त्याचा शब्द. आणि त्या शब्दावर आईने कानातले गहाण टाकले होते.

वाचकहो, दहावी न झालेल्या कामगारास आखाती देशांत नोकरीस जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय विमा मिळतो. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास त्यात १० लाख रुपयांची तरतूद आहे. भेटीच्या व्हिसावर कामास जाणारा मनुष्य या साऱ्या संरक्षणास मुकतो. दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याने ३० हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये असा नियम आहे.

त्या रात्री घरात रडारड झाली. प्रवास थांबला. शेजाऱ्यांनी दोन शब्द ऐकविले, तेही मायलेकरांनी सोसले. दलालाकडून निम्मेच पैसे परत मिळाले; उरलेल्यांसाठी पोलिसांत तक्रार दिली आहे. पाच महिन्यांनी मुलगा नोंदणीकृत संस्थेमार्फत, नोकरीच्या व्हिसावर गेला. कानातले अजून सुटलेले नाही. पण दरमहा पैसे येतात.

तात्पर्य, पेटी भरताना आरंभ कागदांपासून करावा. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र व विम्याचा कागद यांच्या दोन प्रती काढाव्या; एक प्रवाशाच्या बॅगेत, दुसरी घरी. मूळ पासपोर्ट हातातील पिशवीत असावा. तेथील भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक मोबाईलमध्ये तर हवाच, पण कागदावरही लिहून घ्यावा, मोबाईल हरवतो. यानंतर उरलेल्या जागेत आईचे तिखट आणि सोले खुशाल भरावेत. त्यांचे वजन फार होत नाही, आणि परक्या मुलखात पहिल्या महिन्यात त्यांची किंमत मोठी असते.