डोळ्यांच्या पातळीवरचा तराजू

अमेरिकेत हौशी नेमबाजांच्या गॅरेजमध्ये बरेचदा एक भक्कम बाक दिसतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तिथे पुन्हा भरली जाते. जुना प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढायचा, पुंगळी मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर ओतायची आणि वर गोळी दाबायची. या कामाला रीलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही.) ही कामं करणारा बाकावरचा प्रेस दणकट असतो आणि सगळ्यांचं लक्ष वेधून घेतो. पण भरणाऱ्याची बोटं आणि डोळे शाबूत राहतात ते शेजारच्या छोट्या दांडीच्या तराजूमुळे.

या तराजूवर पावडर ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेनचा एक पौंड होतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. हे माप आपल्याला परकं नाही. 1833 साली कंपनी सरकारने तोळा 180 ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त भरतो. पिस्तुलाच्या कित्येक काडतुसांना असे चार-पाच ग्रेनच पुरतात, म्हणून ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा तराजू लागतो.

आरसीबीएस ही कंपनी फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल इथे सुरू केली. तिचा 5-0-5 हा तराजू अनेक वर्षं ओहाउस या वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीने घडवला. दांडीवर सरकणारी तीन वजनं, पोलादी धार, ती टेकायला अकीक दगडाची बैठक आणि 511 ग्रेनपर्यंतची क्षमता, एवढाच त्याचा पसारा. त्यातली सर्वांत सुंदर युक्ती दांडीच्या टोकाशी आहे. तिथली धातूची पट्टी चुंबकांमधून हलते, तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते हालचालीला विरोध करतात. त्यामुळे झुलणारी दांडी चटकन स्थिरावते. दांडी थांबली की हा विरोधही संपतो, म्हणून वजनात खोट येत नाही.

इलेक्ट्रॉनिक काटा जलद असतो, पण खोलीच्या तापमानाबरोबर त्याचा शून्य सरकू शकतो. दांडीच्या तराजूला तो त्रास फारसा नाही. त्याला छळतात वाऱ्याची झुळूक, बैठकीत अडकलेला धुळीचा कण आणि धक्क्याने एक खाच पुढे गेलेलं वजन. शेवटचा दोष सर्वांत वाईट, कारण दांडी तेव्हाही अगदी शांतपणे समतोल दाखवते. म्हणून सुरुवातीला शून्य पाहायचा, मग जेवढी पावडर घालायची त्याच्या आसपासचं प्रमाणित वजन ठेवून खात्री करायची आणि अधूनमधून हे पुन्हा करायचं. दांडीच्या टोकाची खूण वाचताना डोळे तिच्या पातळीत हवेत; वरून पाहिलं तर ती सरकलेली भासते.

एवढं सांभाळूनही तराजूला फक्त पारड्यातलं कळतं. ती पावडर कोणत्या पुंगळीत गेली, ते त्याला ठाऊक नसतं. आणि मोठे अपघात नेमके तिथेच होतात.

पॉइंट 38 स्पेशल हे काडतूस घ्या. त्याची लांब पुंगळी काळ्या दारूच्या काळातली आहे. आजची धूरविरहित पावडर तिच्या तळाशी थोडीशीच जागा व्यापते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तरी ती सहज मावते. दुप्पट पावडरीने दाब दुपटीवर थांबत नाही: दाब वाढला की पावडर अधिक वेगाने जळते आणि दाब आणखी चढतो. उलट पुंगळी रिकामी राहिली, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवतो. पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फुटते.

यावर उपाय आहे तो नजरेचा. पन्नास पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करायच्या आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च धरून प्रत्येकीत पावडरीची उंची पाहायची. दुप्पट भरलेली किंवा रिकामी पुंगळी ओळीत लगेच उठून दिसते. शक्य असेल तिथे फुगीर पावडर निवडावी, म्हणजे दुसऱ्यांदा ओतताच ती पुंगळीबाहेर सांडते. माझ्या मते हा निर्णय कुठल्याही महागड्या काट्याहून मोलाचा आहे. बाकावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा ठेवण्याचा नियमही तितकाच कडक पाळायला हवा. दुसऱ्याच पावडरीचं वजन तराजू तितक्याच अचूकपणे करून देतो.

हँडल ओढताच एकेक काडतूस तयार करणाऱ्या यंत्रांत सगळ्या पुंगळ्या अशा एकत्र पाहता येत नाहीत. त्यांच्यासाठी डिलन या कंपनीने पावडरीची उंची तपासून गजर करणारी यंत्रणा काढली, तर आरसीबीएसचा लॉक-आउट डाय चुकीची पुंगळी आली की प्रेसच अडवतो. दोन्ही साधनं दुप्पट भरलेली किंवा रिकामी पुंगळी पकडतात. दशांश ग्रेनचा फरक पकडणं हे तराजूचंच काम.

तयार काडतूस तोलून चूक शोधू, असं अनेकांना वाटतं. पण पितळी पुंगळ्या आणि गोळ्या यांच्याच वजनात काही ग्रेनचा फरक असतो आणि चार ग्रेन पावडर त्यात हरवून जाते. मनात शंका राहिली, तर त्या ठोकळ्यातली सगळी काडतुसं गोळी उपसणाऱ्या हातोडीने एकेक करून उघडायची.