वराडचं आडनाव, वॉटरफर्डचं आजोळ

२९ डिसेंबर २०१९ रोजी मालवण तालुक्यातल्या वराड गावात आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर आले. सोबत आई-वडील, बहिणी, मेहुणे, भाचरं असा गोतावळा. सरकारी दौरा नव्हता. तीन पिढ्या मिळून मूळ गाव पाहायला आल्या होत्या. गावकऱ्यांनी जोरदार स्वागत केलं, पाहुण्यांनी ग्रामदैवताचं दर्शन घेतलं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात, त्याच आपुलकीनं वराडनं डब्लिनच्या या घराला सामावून घेतलं.

लिओ वराडकर यांचं नाव आज सिंधुदुर्गाशी जोडलं जातं. पण १८ जानेवारी १९७९ ला डब्लिनमध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा वराड रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा निघाला तो १ मे १९८१ ला.

जून २०१७ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी ते पंतप्रधान झाले आणि कोकणाला आनंद झाला. तो रास्तच होता. मात्र त्या आनंदात एक नाव मागे पडलं, मिरियम हॉवेल यांचं. लिओंच्या आईचं.

वडील अशोक वराडकर मुंबईत जन्मले, डॉक्टर झाले आणि १९६० च्या दशकात इंग्लंडला गेले. लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचं गाव आहे. तिथे त्यांची परिचारिका असलेल्या मिरियमशी ओळख झाली. ती आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वॉटरफर्ड परगण्यातली, डंगार्व्हनची. म्हणजे तीही समुद्रकाठचीच. १९७१ मध्ये लग्न झालं, थोरल्या मुलीचा जन्म लेस्टरला झाला. मग हे जोडपं भारतात राहायला आलं. तो मुक्काम लांबला नाही. १९७३ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये बिऱ्हाड थाटलं. वडील हिंदू, आई कॅथलिक. मुलं कॅथलिक संस्कारांत वाढली.

ब्लँचर्ड्सटाउन या उपनगरात अशोकरावांनी दवाखाना चालवला आणि मिरियमबाईंनी त्याची व्यवस्था पाहिली. सात-आठ वर्षांच्या लिओनं आईच्या मैत्रिणींसमोर जाहीर केलं होतं की मोठेपणी आपण आरोग्यमंत्री होणार. आई संकोचली. मुलगा २०१४ मध्ये खरोखरच आरोग्यमंत्री झाला. त्याआधी २००३ मध्ये तो ट्रिनिटी कॉलेजातून डॉक्टर झाला होता, आणि इंटर्नशिपचा काही काळ त्यानं मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात काढला होता. वडिलांच्या शहराशी त्याचा असा कामाचा संबंध आला, हे कोकणातल्या सत्कारांपेक्षा मोलाचं वाटतं.

जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिपदावर असतानाच त्यांनी आपण समलिंगी असल्याचं रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं. समलैंगिकता ज्या देशात १९९३ पर्यंत गुन्हा होती, त्या देशानं चार महिन्यांनी सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

आयर्लंडला परक्या आडनावाचा नेता नवा नव्हता. एमन डी व्हॅलेरा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, आई आयरिश, वडील स्पॅनिश वंशाचे. तरी इंग्रजांविरुद्धच्या आयरिश लढ्याचा चेहरा तेच झाले. त्याच आयर्लंडमधली होमरूलची कल्पना उचलून रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली. आणि २०१७ नंतर युरोपीय नेत्यांच्या बैठकीत वराडकरांसोबत आंतोनिओ कोस्टा बसत. पोर्तुगालच्या या तत्कालीन पंतप्रधानांचे वडील, लेखक ओर्लांदो दा कोस्टा, मडगावात वाढलेले. कोकण किनाऱ्याशी नाळ असलेले दोन पंतप्रधान एकाच टेबलाशी!

अभिमान वाटतो तो इथेच. पण रत्नागिरी शहरातच जन्मलेल्या दुसऱ्या एका मिश्र वंशाच्या लेकराची गोष्ट वेगळी आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये इथे नजरकैदेत आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येचं मन राजाच्या नोकरीतल्या गोपाळ सावंतांवर बसलं. सावंत विवाहित होते. राजघराण्याला हा संबंध मानवला नाही. मुलगी झाली, तुतू. १९१९ मध्ये राजकुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण राजकन्या पुढे तुतूला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये हलाखीतच गेली. राजाची ही नात मराठी बोलत, काबाडकष्ट करत इथेच संसाराला लागली. २००० साली वारली.

दोन्ही घरांत आई परदेशची, बाप मूळचा कोकणातला. फरक आडनावाचा किंवा रक्ताचा नव्हता. लिओच्या आई-बापांच्या हाती शिक्षण होतं, दवाखाना होता, उघडपणे केलेलं लग्न होतं आणि पाठीशी नागरिकत्व होतं. तुतूच्या आईजवळ यातलं एकही नव्हतं. जवळ होता तो इंग्रज सरकारचा तुटपुंजा तनखा. वराडकर दोनदा पंतप्रधान होऊन एप्रिल २०२४ मध्ये पायउतार झाले. वराडच्या रस्त्यानं त्यांचं घराणं शोधत जाणाऱ्यांनी वाटेत रत्नागिरीला थांबून थिबा पॅलेस पाहावा, आणि तिथे राजाइतकीच तुतूचीही चौकशी करावी.