ओढते किती, थांबते कशी

नव्वदच्या दशकात जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात ‘गाडी’ म्हटलं की जीपच डोळ्यांपुढे यायची, आणि तीही महिंद्राची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू झाली. त्या पेट्रोलच्या जीप सरकारी खात्यांनी आणि बड्या बागायतदारांनी वापरल्या. सामान्य शेतकऱ्याच्या दारात जीप उभी राहिली ती डिझेल इंजिन आल्यावर. आमच्याकडे आली ती एमएम ५४०, आधीच एका मालकाच्या हातून गेलेली. प्यूजोच्या आराखड्याचं २,११२ सीसीचं इंजिन, ताकद ६२ अश्वशक्ती. आज गावातल्या बहुतेक छोट्या मोटारींची ताकदही याहून जास्त असते. तरी टोमॅटोचे कॅरेट, शेणखत, ठिबकचे पाइप, विहिरीवरची मोटार, सगळं या जीपड्यानं तिसेक वर्षं वाहिलं.

हे जमायचं ते गिअरच्या दांड्याशेजारच्या छोट्या दांड्यामुळे. ‘लहान गिअर’ पडला की चाकांचा वेग निम्म्याहूनही खाली येतो आणि ओढ त्याच पटीत वाढते. भात लावणीच्या दिवसांत बांधावरून भरलेली ट्रॉली काढायची असली की खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करायचे, मग चारही चाकं लावायची आणि ॲक्सिलरेटर फारसा न दाबता जीपला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं. डांबरी लागली की चारचाकी काढायचीच. या गाडीत पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती फरकाइतकी घसरून घेतात, कोरड्या डांबरावर तो सगळा ताण गिअरच्या दात्यांवर आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर येतो. आमच्या भागात क्रॉस वेळेआधी गेलेल्या कितीतरी जीपांचं कारण हेच होतं.

त्या काळी जीपची किंमत तिनं किती माल नेला यावरून व्हायची. टोमॅटोचा एक कॅरेट साधारण वीस किलोचा. तीस कॅरेट चढले की सहाशे किलो झाले. मागचा भाग बसायला लागला की लोक स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा घालून घेत आणि गाडी ‘मजबूत’ झाली म्हणत. ही समजूत मला तेव्हाही पटत नव्हती, आज तर धोक्याची वाटते. पाटा वाढवला की गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक तेच राहतात, धुरी तीच, टायर तेच. उलट, बसलेली गाडी ‘आता पुरे’ असं सांगत असते, ती सूचनाही बंद होते.

माळशेजनं टोमॅटो कल्याणला उतरवायचा तेव्हा हे सगळं कसाला लागायचं. वजन दुप्पट झालं की थांबवायची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला की चौपट. ती सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. घाटभर ब्रेक दाबून उतरणाऱ्या जीपच्या लायनरचा जळका वास मागच्या गाडीलाही यायचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ते जुनं झालं असेल तर तापल्यावर उकळतं, आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनानं गाडी धरायची, हा आमच्याकडचा नियम. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. जुन्या गाडीवर खर्च करायचा तर आधी ब्रेकवर, मग टायरवर, इंजिनाचा नंबर त्यानंतर, असं मला ठामपणे वाटतं. ओढणं न जमलेली गाडी जागेवर उभी राहते. थांबणं न जमलेली कुठे जाईल सांगता येत नाही.

ट्रॉलीचंही तसंच. वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा, म्हणून जड माल ट्रॉलीच्या धुरीच्या थोडा पुढे रचायचा. मागे रचला तर ट्रॉली शेपटासारखी हलू लागते आणि जीपचं मागचं टोक उचलू पाहते.

पावसाळा संपला की डिफरन्शियलच्या हाउसिंगचं ऑइल बघणं हे ठरलेलं काम. ओढ्याच्या थंड पाण्यात गरम हाउसिंग शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधी दिसलं की लगेच बदलायचं, नाहीतर बेअरिंगं जातात. निपलांना ग्रीस, शॅकलचे बुश, यू-बोल्ट आवळणं ही कामं घरीच व्हायची. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली तरी हातपंप मारून ती रस्त्यातच काढता यायची. या गाडीत झाकून ठेवलेलं असं काही नव्हतं. तालुक्यातला साधा मिस्त्रीही आवाज ऐकून दोष सांगायचा, आणि तिच्या दीर्घायुष्याचं श्रेय मी पोलादाइतकंच या मिस्त्र्यांना देतो.

पुढे पिकअप आल्या आणि बाजाराचा माल त्यांच्याकडे गेला. ते योग्यच झालं. वजन वाहायला बनवलेल्या गाडीनंच ते वाहावं. जीपकडे शेतातली ओढ राहिली. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आली, पर्यावरण कर आला, आणि एप्रिल २०२२ पासून फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. सुटे भागही गावात मिळेनात. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात. तरीही ती विकावी असं घरात कुणी म्हणत नाही, कारण बांधावरच्या चिखलातून भरली ट्रॉली काढायला दुसरं काही परवडत नाही. यंदा जादा पाटा काढून टाकलाय, चारही ड्रमना नवे लायनर घातलेत, आणि ट्रॉलीत किती कॅरेट भरायचे तो आकडा फाळक्यावर रंगवून घेतलाय, म्हणजे भरणारा कोणीही असो, विचारायची गरज पडणार नाही.