जुन्या गाडीस दुसरा वेगदर्शक



मोटारीच्या पुढच्या फळीवर जी वाटोळी तबकडी असते, तिच्यावरील कांटा गाडीचा वेग दाखवितो, असें आपण समजतों. वस्तुतः त्या कांट्यास रस्ता दिसत नाहीं आणि चाकहि दिसत नाहीं. गाडीच्या पोटांतून एक लवचिक तार गरगर फिरत त्याच्या पाठीशीं येते, आणि ती तार मिनिटाला किती फेरे घेते एवढेंच त्याला कळतें. त्या फेऱ्यांवरून ताशीं इतके किलोमीटर असा अर्थ काढण्याचें काम कारखान्यांत तबकडीवर आंकडे छापतांनाच उरकलेलें असतें. हा अर्थ एका विशिष्ट गाडीपुरताच खरा असतो. दुसऱ्या गाडीचें यंत्र आणून आपल्या गाडीस बसविलें कीं कांटा हलतो, रात्रीं त्याच्यामागें दिवा लागतो, मालक संतुष्ट होतो. परंतु कांटा बोलतो तें त्या पहिल्या गाडीच्या भाषेंत. ती भाषा आपल्या गाडीस लागू पडते कीं नाहीं, हें घरच्या घरीं कसें पाहावें, तें आज सांगणार आहें.

हा प्रश्न मजपुढें आला तो एका जीपगाडीच्या निमित्तानें. महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलिज जीप आपल्या देशांत आणिली, आणि पुढें अनेक वर्षें तिच्याच वळणाच्या गाड्या येथें बांधिल्या. आमच्या जालना जिल्ह्यांत अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागांतून अशा जुन्या गाड्या अद्यापि दृष्टीस पडतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा जालन्यांत दुरुस्तीचा लहानसा कारखाना आहे. तेथें घनसावंगी तालुक्यांतील एक बागाईतदार आपली जीप घेऊन आले होते. गाडी एम्. एच्. २१ हीं अक्षरें जालन्याच्या वाट्यास येण्यापूर्वींची. मूळचा वेगदर्शक केव्हांच निकामी झालेला. म्हणून त्यांनीं भंगार बाजारांतून दुसरा घेऊन बसविला होता. तबकडी किलोमीटरची, कांच स्वच्छ, कडा चकचकीत.

त्यांची तक्रार अशी : "गुरुजी, ही गाडी चाळिसाच्या पुढें जातच नाहीं बघा, आणि इंजिन मात्र नुसता आरडाओरडा करतें."

इंजिन बिचारें खरें बोलत होतें. तें कसें, हें कळण्यासाठीं प्रथम यंत्राचें पोट उघडून पाहूं.

स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्झे या गृहस्थानें १९०२ सालीं बर्लिनला ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें, तीच कल्पना पुढें बहुतेक शतकभर मोटारींतून राबली. तारेच्या टोकास एक लहानसा लोहचुंबक असतो व तो तारेबरोबर फिरतो. त्याच्या भोंवतीं, पण त्यास कोठेंहि न शिवतां, ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी बसविलेली असते. लोहचुंबक लोखंडाला ओढतो, ॲल्युमिनियमला ओढीत नाहीं, हें आपण शाळेंत शिकलों आहों. मग वाटी हलावी कशी? चुंबक फिरूं लागला कीं वाटीच्या धातूंत विजेचे बारीक भोंवरे उत्पन्न होतात व ते वाटीस चुंबकामागें खेंचूं लागतात. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत हात गोल फिरविला असतां वर तरंगणारी वाटी हात न लागतांच फिरूं लागते, तसाच कांहींसा हा प्रकार. मात्र आपल्या वाटीला केंसासारखी एक बारीक स्प्रिंग अडवून धरते. चुंबक जितका जलद, तितकी ओढ अधिक; ओढ अधिक तितकी स्प्रिंग अधिक पिळली जाते, आणि वाटीच्या आंसावरील कांटा तितका पुढें सरकतो.

त्याच तबकडींत एकूण किलोमीटर मोजणारे आंकडे असतात. ते या चुंबकावर मुळींच अवलंबून नाहींत. मळसूत्री दांत्यांच्या चाकांनीं ते तारेशीं जखडलेले असतात. तार अमुक फेरे फिरली कीं एक आंकडा पुढें. हें यंत्र फार जुन्या घराण्यांतलें. विट्रुव्हियस या रोमन ग्रंथकारानें दोन हजार वर्षांपूर्वीं अशाच एका गाड्याचें वर्णन करून ठेविलें आहे. चाकाच्या फेऱ्यांनीं दांतेरी चाकें फिरत व प्रत्येक मैलाला एक खडा भांड्यांत पडे. तात्पर्य, एकाच डबींत दोन वेगवेगळीं यंत्रें नांदतात, एक चुंबकाचें व एक दांत्यांचें. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. पुढें दोष शोधतांना तिचा फार उपयोग होतो.

आतां तबकडीवरील आंकड्याकडे येऊं. पुष्कळ तबकड्यांच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक संख्या छापलेली असते. एवढें अंतर तोडतांना तारेनें किती फेरे घेतले पाहिजेत, तें ती सांगते. घोटाळा असा कीं "एवढें अंतर" म्हणजे इंग्रजी व अमेरिकन यंत्रांत एक मैल, आणि जर्मन वळणाच्या यंत्रांत एक किलोमीटर. अमेरिकेंत मैलाला १००० फेरे हें प्रमाण रूढ होतें. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, तेव्हां हेच फेरे किलोमीटरला सुमारें ६२१ पडतात. आमच्या बागाईतदारांना कोणीतरी सांगितलें होतें कीं जीपला "हजाराचा" मीटर लागतो. सांगणारा चुकला नव्हता. दुकानदारानेंहि हजाराचाच मीटर दिला. परंतु तो हजार किलोमीटरमागचा होता!

मग आम्हीं गाडीचेच फेरे मोजले. रीत सोपी आहे व तिला मापनाची फीत आणि खडू यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. सपाट जागेवर खडूनें वीस मीटर अंतर आंखून घ्यावें. टायरांत नेहमींइतकी हवा असावी, आणि गाडींत नेहमींइतकें ओझें असावें, कारण दबलेल्या टायराचा घेर किंचित् कमी भरतो. मीटरच्या मागचा नट सोडून तार मोकळी करावी व तिच्या चौकोनी टोकास कागदाची लहानशी पताका चिकटवावी. गिअर सोडून देऊन दोघांनीं गाडी सावकाश ढकलावी, आणि तिसऱ्यानें पताकेचे फेरे मोजावे. एक चाक जॅकवर उचलून तेंच हातानें फिरविण्याचा मोह होतो, तो टाळावा. मागच्या आंसांत जी फरक-गिअरांची पेटी असते तिच्यामुळें, दुसरें चाक जमिनीवर रोवलेलें असतां, उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांस आंतला दांडा एकच फेरा घेतो आणि सारा हिशेब निमपट होतो.

आमच्या वीस मीटरांत पताकेनें साडेबारा फेरे घेतले. पन्नासानें गुणिलें तर किलोमीटरला ६२५. तबकडी मागत होती १०००. म्हणजे गाडी खरोखर ताशीं ६० किलोमीटरनें धांवत असतां कांटा दाखवीत होता साडेसदतीस. त्यांचें "चाळीस" म्हणजे प्रत्यक्षांत चौसष्ट.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. कारण कांटा चुकला तर बिघडलें काय, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. धांवत्या गाडीच्या अंगीं जी शक्ति सांठते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, आणि ब्रेकांना ती सगळी खाऊन टाकावी लागते. साडेसदतीसाच्या जागीं साठ म्हणजे वेग १.६ पट, वर्ग केला तर अडीचपटीहून थोडा अधिक. मोसंबीचे क्रेट भरून निघालेली, जुन्या ढोल-ब्रेकांची जीप सदतीसांच्या वेगावरून जितक्या अंतरांत थांबेल, त्याच्या अडीचपट अंतर तिला लागणार. आणि चालक मात्र कांट्याकडे पाहून निश्चिंत! रस्त्यांत बैलगाडी आडवी आली, शाळेचीं मुलें सुटलीं, तर हा अडीचपटीचा हिशेब कोणी कोणास समजावून सांगावा? युरोपांतील नियम या बाबतींत मला फार शहाणपणाचे वाटतात. तेथें वेगदर्शकानें थोडें अधिक दाखविलें तर चालतें, खऱ्याहून कमी दाखविलेलें मुळींच चालत नाहीं. आपल्याकडेहि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं गाडीस वेगदर्शक असणें आवश्यक ठरविलें आहे. आतां आमच्या जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्यें नागपुराहून शिर्डीपर्यंतचा त्याचा भाग खुला झाला. तेथें मोटारींना ताशीं १२० पर्यंत मुभा आहे म्हणून कोणी जुनी जीप तिकडे घालूं नये, हें माझें आपलें मास्तरी मत.

उपाय काय करावा? तार व मीटर यांच्यामध्यें बसविण्याची दांत्यांची छोटी पेटी परदेशांत मिळते. आमच्या गाडीला ती पांच फेऱ्यांचे आठ करणारी लागली असती; जालन्यांत ती मिळेना. गिअरबॉक्समधील तार फिरविणारी लहान दांतेरी गरारी बदलतां येते, पण एखाद-दुसऱ्या दांत्यानें थोडीशीच दुरुस्ती होते. टायर मोठे घातल्यामुळें पडलेला फरक तेवढ्यानें निघूं शकतो, दीडपटीहून मोठा निघत नाहीं. तिसरा मार्ग मीटर दुरुस्त करणारे सुचवितात. ते स्प्रिंग सैल करून किंवा चुंबकाचा जोर बदलून कांटा बरोबर करून देतात. मला हा मार्ग पसंत नाहीं. कांटा सुधारला तरी किलोमीटरचे आंकडे दांत्यांनीं बांधलेले. ते पूर्वींसारखेच चुकत राहणार, आणि तेल बदलण्याचा व पेट्रोलच्या खपाचा हिशेब तर त्यांच्यावरच चालतो.

म्हणून योग्य तबकडी शोधणें हाच मार्ग उरला. कांहीं दिवसांनीं एक किलोमीटरची तबकडी मिळाली. तिच्यावर फेऱ्यांची संख्याच नव्हती. अशा वेळीं मीटरच्या मागच्या भोंकांत बसेल अशी चौकोनी काडी घेऊन ती हातानें फिरवावी व शंभर मीटरचा आंकडा एक घर सरकेपर्यंत फेरे मोजावे. आम्हांस बासष्ट लागले. म्हणजे किलोमीटरला ६२० च्या आसपास. माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, हीच बाई या घरची." काडी मात्र योग्य दिशेनें फिरवावी, उलट फिरविली तर कांटा शून्याच्या खालीं जाऊन खुंटीला टेकतो.

तबकडी मैलांची तर नाहीं ना, हेंहि पाहून घ्यावें. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तरी जुन्या यंत्रांवर मैल राहून गेले. मैलांच्या तबकडीवरचे चाळीस म्हणजे किलोमीटरचे चौसष्ट. पाहा, पुन्हां तोच आंकडा.

तार बसवितांना घाई करूं नये. निम्म्याहून अधिक मीटर तारेपायीं बिघडतात, असें माझा विद्यार्थी म्हणतो, आणि त्याचा हात रोज त्यांतच असतो. तार कोठेंहि मुडपतां कामा नये. तिचें वळण निदान वीतभर व्यासार्धाचें तरी असावें, आणि मीटरच्या पाठीशीं येतांना शेवटचीं दोन-तीन बोटें ती सरळ आलेली असावी. धुराच्या नळीपासून ती दूर बांधावी. पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबराची चकती घालावी, नाहींतर पत्रा कवच कापतो व आमच्याकडची काळी धूळ आंत शिरते. आंतल्या तारेस ग्रीस हवें, पण बेताचें; वरची वीतभर तार कोरडीच ठेवावी. फिरती तार ग्रीस वर वर चढविते, तें मीटरमध्यें शिरून वाटी व चुंबक यांच्यामध्यें चिकटतें, आणि मग कांटा भलतींच उड्डाणें करतो. आंतली तार कवचाबाहेर सुमारें एक सेंटिमीटर यावी. अधिक आली तर ती चुंबकाच्या आंसाला रेटते. कमी आली तर चौकोनी टोक निसटतें. नट हातानेंच आवळावा, पकडीचा जोर लावूं नये.

यानंतर रस्त्यावरची परीक्षा. रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड हे आपले परीक्षक; राष्ट्रीय महामार्गावर त्यांचा माथा पिवळा, राज्य महामार्गावर हिरवा. रस्तारुंदींत एखादा दगड इकडचा तिकडे झालेला असतो, यास्तव एकाच किलोमीटरवर विसंबूं नये; पांच किलोमीटर जावें व मीटरच्या आंकड्यांशीं ताडून पाहावें. मग कांटा एका जागीं स्थिर धरून दोन दगडांमधील सेकंद शेजाऱ्यास मोजावयास सांगावे. ३६०० ला त्या सेकंदांनीं भागिलें कीं खरा वेग निघाला. साठ सेकंदांस ६०, बहात्तरांस ५०, नव्वदांस ४०. ज्यांच्याजवळ उपग्रहावरून वेग सांगणारा मोबाईल आहे त्यांनीं सरळ मोकळ्या रस्त्यावर तोहि ताडून पाहावा. सेकंद मोजण्याची मौज मात्र त्यांत नाहीं.

आणि मघां सांगितलेल्या दोन यंत्रांची आठवण आतां करावी. आंकडे दगडांशीं जुळतात पण कांटा जुळत नाहीं, तर दोष चुंबकांत किंवा स्प्रिंगेंत आहे. मीटर दुरुस्तीस द्यावा. दोन्ही सारख्याच प्रमाणांत चुकतात, तर मीटर निर्दोष आहे व तो आपल्या गाडीचा नाहीं. कांटा नुसता थरथरतो, तर तार कोरडी अथवा वांकलेली आहे.

आमची जीप अंबडच्या रस्त्यावर नेली तेव्हां पांच दगडांना आंकडे पांचच सरकले, आणि साठावर कांटा धरला असतां एका किलोमीटरला एकसष्ट सेकंद लागले. म्हणजे कांटा खऱ्याहून एखादा किलोमीटर अधिकच दाखवितो. तो तसाच राहूं दिला. बागाईतदार परत येतांना कांटा पंचेचाळिसाच्या पुढें नेईनात.

एक काम राहिलें होतें. जुन्या मीटरवर आधींच कोणा दुसऱ्या गाडीचे किलोमीटर चढलेले असतात. पुढें गाडी विकावयाची झाली, किंवा पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं ती परिवहन कार्यालयांत दाखवावयाची झाली, तर हे आंकडे या गाडीचे नाहींत हें लेखी असावें. यासाठीं नवा मीटर बसविल्याचा दिवस, त्या दिवशींचा त्याचा आंकडा, जुन्या मीटरचा शेवटचा आंकडा आणि तारेचे किलोमीटरमागचे फेरे, एवढें एका चिठ्ठीवर लिहून ती आम्हीं गाडीच्या कागदपत्रांत ठेविली. आणि तीच ओळ रंगानें, फळीच्या मागच्या बाजूस, मेस्त्र्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी लिहविली.